परबांचा अर्ज, परबांची हरकत

आमच्या घाटकोपरच्या सरकारी कचेरीतले परब स्वतःला पत्रं लिहीत. 'श्री. परब यांस कळविण्यात येते की, आपल्या अर्जात त्रुटी आढळल्याने तो परत करण्यात येत आहे,' असं लिहून खाली स्वतःचीच सही ठोकत, जावक रजिस्टरात क्रमांक घालत आणि पत्र शांताराम शिपायाच्या हाती देत. शांताराम टेबलाला वळसा घालून तेच पत्र त्यांच्याच हातात ठेवी. परब पोच म्हणून सही करत, चष्मा पुसत आणि गंभीर चेहऱ्याने म्हणत, "हरकत आली वाटतं."

भानगड अशी होती. ज्याच्या नावावर कुठेच घर नाही अशा नोकराला पहिलं घर घेताना बिल्डरच्या हातावर ठेवायला सरकार आगाऊ रक्कम देई. तिचं नाव घरबांधणी अग्रिम. ऐकून वाटावं, सरकार स्वतः विटा डोक्यावर घेऊन येतंय. प्रत्यक्षात सरकार फॉर्म घेऊन येई. हे फॉर्म तपासायचं टेबल परबांचं, आणि बोरिवलीच्या एका खोली-किचनसाठी अर्ज करणारेही परबच. दुसरा कोणी असता तर सकाळी अर्ज, दुपारी शिफारस आणि संध्याकाळी पेढे! परब पडले हरिश्चंद्राचे अवतार. सकाळी खुर्चीत बसून ते हरकत काढत आणि जेवणाच्या सुट्टीत टेबलाच्या अलीकडे, स्टुलावर बसून तिचं उत्तर लिहीत. खुर्चीत बसून उत्तर लिहायला काय होतं, असं मी एकदा विचारलं.

"अर्जदाराने स्टुलावर बसायचं," परब म्हणाले. "उद्या सगळेच खुर्ची मागतील."

माझ्या मुलुंडच्या घराचा अर्जही त्यांच्याच हातून गेला. माझ्या किंवा बायकोच्या नावावर घर नाही, असं प्रतिज्ञापत्र मी जोडलं होतं.

"वहिनींच्या नावावर माहेरचं काय?"

"शिलाई मशीन आहे."

"हाताचं की पायाचं?"

"परब, त्यात कोणी राहायला जाणार आहे का?"

"चिडू नको रे, राणे. वरून विचारलं तर मी काय सांगू?"

पायाचं, असं त्यांनी लिहून घेतलं. तीन आठवड्यांत माझे पैसे मंजूर झाले, हेही सांगायला हवं. अर्ध्या कचेरीला परबांनी असंच कांदिवली, भांडुप, मुलुंडला नेऊन बसवलं होतं. प्रत्येक गृहप्रवेशाला ते खिशात मोजपट्टी घालून येत, ओटा मोजत, "दीड इंच कमी आसा," असं यजमानाला सांगून त्याचा आनंद वाढवत, दोन बशा शिरा खात आणि निघून जात. कुठे? तर वाकोल्याला, एका कुटुंबाच्या पोटमाळ्यावर भाड्याने घेतलेल्या खाटेवर.

त्यांच्या स्वतःच्या अर्जाचं मात्र दरवर्षी काहीतरी निघे. एका वर्षी नकाशावर उत्तर दिशेचा बाण नव्हता. दुसऱ्या वर्षी सही निळ्या शाईत होती. तिसऱ्या वर्षी कागदांना लावलेली टाचणी गंजली होती! हरकत-उत्तर करता करता वर्ष संपे, मग नवा फॉर्म. आम्ही त्यांना हसायचो. मी तर त्यांची नक्कल करायचो, आणि बरी करायचो.

पण त्या वर्षी हसण्यावारी नेऊन चालणार नव्हतं. वयाची त्रेपन्न वर्षं पूर्ण झाली की अर्ज करता येत नाही असा नियम, आणि परबांना एप्रिलमध्ये त्रेपन्न पूर्ण होणार होती. मार्चअखेर फाईल गेली नाही तर सरकारी पैसे कायमचे बंद, आणि बोरिवलीची खोलीही गेली. बिल्डरचा माणूस दोनदा येऊन गेला.

"परब, वाट लागेल तुमची," मी म्हणालो. "पाठवून टाका ना फाईल."

"नियमात बसली की जाईल."

आणि ऐन मार्चात परबांना कावीळ झाली. त्यांचं टेबल साहेबांनी माझ्याकडे दिलं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, आता बघतो ही फाईल कशी अडते ती.

फाईल उघडली. बाण होता, शाई काळी होती, टाचणी नवी. फक्त रकाना सात कोरा होता. 'अर्जदाराच्या पश्चात घर ज्याच्याकडे जाईल त्याचे नाव व नाते.' गंजकी टाचणी दिसणाऱ्या माणसाला हा रकाना दिसला नव्हता? मी मागचे फॉर्म उलटले. दरवर्षी तो कोराच होता, आणि एवढ्या हरकतींत या रकान्यावर एकही हरकत नव्हती. अगदी तळाशी पहिला फॉर्म होता. त्यात आईचं नाव लिहिलेलं, मग लाल शाईने एका रेघेत खोडलेलं, बाजूला दुरुस्तीची रीतसर सही आणि तारीख.

माझी नक्कल मला आठवली आणि लाज वाटली. हा माणूस इतकी वर्षं टाचण्यांच्या आड लपून बसला होता.

त्याच संध्याकाळी फाईल घेऊन वाकोल्याला गेलो. परब खाटेवर पडले होते, पिवळेजर्द. मी रकान्यावर बोट ठेवलं.

"कुटुंब नसेल तर कोणाचंही नाव चालतं, परब. नियम तुम्हीच मला शिकवलात."

"नियम ठाऊक आसा रे," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "पण विचारूचा कोणाक? आवशीनंतर कोण नाय माका."

"माझं लिहा."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग उठून बसले, पेन मागितलं आणि मला खाटेसमोर बसवून संपूर्ण नाव, वडिलांचं नाव, वय असं सगळं विचारून घेतलं, जसं कुठल्याही परक्या अर्जदाराला विचारत. नाते या शब्दापाशी मात्र त्यांचा हात थांबला.

"भाऊ लिहा," मी म्हणालो.

"खोटं नाय लिहिणार मी."

थोड्या वेळाने त्यांनी काहीतरी लिहिलं, फाईल मिटली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. "जा आता," म्हणाले, "वहिनी वाट बघत असतील."

रिक्षात बसल्यावर मी फाईल उघडली. माझ्या नावापुढे, त्या रेखीव सरकारी अक्षरात, एकच शब्द होता: घरचा.

नियमांत असं नातं कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी परबांच्या खुर्चीत बसून मी त्यावर हरकत घ्यायला हवी होती. मी सही केली आणि फाईल स्वतःच्या हाताने साहेबांकडे नेऊन दिली.