खंडेनवमीचं विमान

ज्या कचेरीनं तम्मण्णाच्या पासावर "फक्त कापडकाम" एवढे दोन शब्द लिहून खाली शिक्का हाणला, तिला आधी तोंडावर सांगून टाकायला हवं: तुम्ही त्या माणसाचं आभाळ चोरलंत. चोरी दिवसाढवळ्या केलीत, पोलीस बोलावून केलीत आणि वर चोर म्हणून त्यालाच बोटीत बसवलंत. तुमचं नाव इथं घेत नाही. घेतलं की तुम्ही खटला भरता, नाही घेतलं की "ते आम्ही नव्हेच" म्हणता. तेव्हा मुकाट्यानं ऐका.

तम्मण्णा शहापूरच्या विणकर गल्लीतला. या गल्लीत खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, माग बंद असतो. माग धुवायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा आणि दिवसभर त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबणारं हत्यार त्या दिवशी देव होऊन बसतं. तम्मण्णाच्या बापानं एका वर्षी पेठेतल्या व्यापाऱ्याच्या घाईपायी नवमीलाच धोटा फेकला आणि दिवाळीच्या आत तापानं गेला. त्या वर्षी ताप अर्ध्या गल्लीला आला होता. मेले ते सगळे काही धोटा फेकून मेले नव्हते. पण हे तम्मण्णाच्या आईला, बायाक्काला, कोण सांगणार? पोरगा आफ्रिकेला निघाला तेव्हा तिनं स्टेशनवर त्याचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला.

"खंडेनवमीला हत्याराला हात लावशील तर माझं मढं बघशील. आन हाय माझी."

"आव्वा, तितं माग न्हाय गं. इमानं हाईत."

"असंनात. पोट भरतंय ते हत्यार. घे आन."

गाडीनं शिटी दिली. तम्मण्णानं घाईघाईत आन घेतली. बायको सोनाबाई बाजूला उभी होती, तिच्याशी बोलायचं मात्र राहूनच गेलं.

आफ्रिकेतल्या इंग्रजांच्या मुलखात, नैरोबीच्या बाजूला, गोऱ्या लोकांचा एक विमानांचा क्लब होता. त्या वेळच्या विमानांचे पंख म्हणजे लाकडी सांगाडा आणि वर ताणून शिवलेलं कापड. ते फाटलं की शिवायचं आणि वरून उग्र वासाचं रोगण फासायचं, एवढं तम्मण्णाचं काम. तेवढ्यापुरताच त्याला त्या मुलखात राहायचा पास. पासाची मुदत संपली की पुन्हा शिक्का, शिक्का नाही तर परतीची बोट.

क्लबात उडायला शिकवणारा डफीसाहेब होता. लढाईत एक कान गमावलेला, दुपारी बोलायला माणूस नसलेला. एका दुपारी तम्मण्णा बसायच्या जागेजवळची शिवण घालता घालता दमला आणि आत बसला. खाली खड्डा, खड्ड्यात पायांसाठी आडवी दांडी, हातापुढं एक दांडा. त्याचे पाय आपोआप दांडीवर गेले आणि आळीपाळीनं हलायला लागले. त्याला हसूच फुटलं.

"ह्यो तर मागच की!"

"काय करतोस आत?" डफीसाहेब मागून गरजला.

तम्मण्णा उतरायला लागला. शेपटाकडचं सुकाणू डावं-उजवं, डावं-उजवं, अगदी तालात हललेलं साहेबानं पाहिलं होतं. "उतरू नकोस," तो म्हणाला. "पुन्हा हलव."

तिथून शिकवणी सुरू झाली. पायांचं काम तम्मण्णाला शिकवावंच लागलं नाही. घोटाळा उजव्या हाताचा होता. मागावर बसलं की उजवा हात धोट्याच्या दोरीला हिसका मारतो. पिढ्यांची सवय ती, आभाळात गेली म्हणून थोडीच सुटते? पाय हलले की हात हिसका मारायचा आणि विमान मान खाली घालायचं. पहिल्या दिवशी साहेबाची टोपी गेली. दुसऱ्या दिवशी साहेबाचा नाष्टा गेला. "दोरी नाही रे तिथं!" साहेब ओरडायचा. "व्हय साहेब, न्हाय," म्हणत तम्मण्णा आणखी एक हिसका मारायचा.

पण पुढं हातही शहाणा झाला. तम्मण्णा एकटा वर जाऊन एकटा खाली यायला लागला. वर गेल्यावर त्याला खाली कुणी बारीक किनारीचं कापड अंथरल्यासारखं दिसायचं. रडू यायचं, का ते कळायचं नाही. वर विचारायला कुणी नसायचंच.

साहेबानं त्याला समजावलं, "परीक्षा पास हो. वैमानिकाचा परवाना मिळाला की 'फक्त कापडकाम' गेलं खड्ड्यात. टपालाचं विमान तुझ्या हाती देतो, नवा पास मीच काढतो. परीक्षा घ्यायला तपासनीस वर्षातून एकदाच येतो. आणि तुझा पास तर त्याच महिन्याअखेर संपतोय."

तम्मण्णानं घरी कळवून टाकलं: दसऱ्याच्या सुमारास परीक्षा आहे, पास झालो की विमानातनंच येतो बघ, आव्वा. हे त्यानं गमतीनं लिहिलं होतं. गल्लीतल्या मास्तरांनी ते गंभीरपणे वाचून दाखवलं.

तपासनीस आला तो नेमका खंडेनवमीला.

तम्मण्णाला तिथल्या गुजराती दुकानदाराकडून तिथी कळली होती. तपासनीस उद्या येणार, अशीच त्याची समजूत होती. म्हणून पहाटे उठून त्यानं विमान धुतलं. पुढच्या पंख्याला हळदीकुंकवाचे पट्टे ओढले, नाकावर झेंडूची माळ चढवली, चाकांखाली लिंबं ठेवली. शेंडीवाल्या नारळाला कुंकू माखून तो दगडावर आपटला. शेंडीकडचं भकल गडगडत शेडच्या कोपऱ्यात गेलं. धुतल्याचं पाणी कुंकू घेऊन जमिनीभर पसरलं. मग त्यानं कापूर पेटवला आणि विमानाला ओवाळायला घेतलं, पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर.

"विझव!" डफीसाहेब बादली घेऊन धावला आणि त्यानं कापूर, आरती अन् तम्मण्णा, तिन्ही भिजवले. "मरायचं का आज? तपासनीस आलाय! बाहेर उभा आहे!"

"आज? आज कसं काय, साहेब?"

तेवढ्यात तपासनीस आत शिरला. शेडमध्ये अंधूक उजेड. पंखा लालभडक, जमीन लाल, समोर ओलाचिंब काळा माणूस, बोटं लाल. आणि कोपऱ्यात केसांच्या बुचक्यासकट रक्तबंबाळ अर्धं डोकं.

तपासनीस किंचाळला. परीक्षा घेणारा माणूस, चांगला सहा फुटी, असा किंचाळला की क्लबातली कुत्री भुंकायला लागली. डफीसाहेब "नारळ! नारळ!" म्हणून मागं पळेपर्यंत त्यानं पोलिसांना तार-टेलिफोन सगळं करून टाकलं होतं.

पोलीस आले. त्यांनी ते डोकं रुमालात उचललं, उलटं केलं आणि आत पांढरं खोबरं पाहिलं. एक शिपाई हसला. तिथंच घात झाला. तपासनीस नारळाला भ्याला ही गोष्ट आता गावभर होणार. तिच्यावर उपाय एकच, कुणीतरी गुन्हेगार निघायला हवा.

"हे कुणी केलं?" पोलिसांनी विचारलं.

"मी, साहेब. पूजा केली."

"कशाची?"

"इमानाची. माझं हत्यार हाय ते."

"तुझं? हे विमान तू चालवतोस?"

"व्हय," तम्मण्णा म्हणाला. खोटं बोलायचं सुचलं नाही त्याला.

"पास दाखव."

पासावर होतं, फक्त कापडकाम.

डफीसाहेब तपासनीसाला बाजूला घेऊन बराच वेळ बोलला. शेवटी तपासनीस घड्याळ बघत म्हणाला, "ठीक. माझी गाडी दुपारची आहे. आत्ता उडवून दाखवू दे. पास झाला तर वैमानिक म्हणून अर्ज करता येईल, पोलिसांना मी सांगतो. नाही तर नियम आहेच."

"चल रे, बस!" डफीसाहेबानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "जिंकलास!"

तम्मण्णा हलला नाही. त्याच्या तळहाताला बायाक्काच्या डोक्यावरचे विरळ केस जाणवत होते.

"आज न्हाय, साहेब. आज हत्यार इश्रांतीला बसलंय. उद्या उडीवतो. उद्या म्हणशीला तितकं उडीवतो."

"उद्या हा नाहीये!"

"मग पाया पडून ठिवून घ्या त्येला."

"तम्मण्णा, अरे एकदा वर जाऊन खाली यायचंय! कोण बघतंय तुझ्या घरचं?"

"आव्वा मरंल, साहेब."

डफीसाहेबाला हे कळलं की नाही कुणास ठाऊक. त्याच्या उरलेल्या एका कानानं ऐकलं तरी ते त्याला पटण्यातलं नव्हतं. तपासनीस दुपारच्या गाडीनं गेला. महिनाअखेर तम्मण्णा बोटीत होता. बंदरावरच्या कारकुनानं पासावर आडवी रेघ मारली आणि कारण लिहिलं: कापडकामाव्यतिरिक्त उद्योग.

बेळगाव स्टेशनावरून तो बोचकं घेऊन चालतच शहापूरला आला. दारात सोनाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. बायाक्का आतून ओरडली, "इमान कुटं लावलंस रं?"

"न्हाय आव्वा. रेल्वेनं आलो."

सोप्यात मागाशेजारी लाल कापडाचा ढीग रचला होता. असलं झगझगीत लाल गल्लीत कुणी विणत नव्हतं.

"ह्ये काय गं?" त्यानं सोनाबाईला विचारलं.

"तुमचं इमान उतराया," ती खाली बघत म्हणाली. "तळ्याच्या माळावर अंथरायचं म्हणून आत्यानी रातध्याड इणलं. नवमीला बी माग थांबवला न्हाय. गल्ली शिव्या देत हुती."

तम्मण्णा मटकन उंबऱ्यावर बसला. "नवमीला? आव्वा, तू धोटा टाकलास?"

"मग काय करू? तू दसऱ्याला सोनं लुटाया येनार, आन कापड कमी पडतंय. वरनं घर कसं घावावं तुला?"

"मला आन घातलीस की!"

"तुला घातली. मला कुटं घातली?"

मग त्यानं सगळं सांगितलं. नारळ, पोलीस, दुपारची गाडी. बायाक्का ऐकत राहिली, आणि एकदम कपाळावर हात मारून हसायला लागली.

"मुडद्या, जलमात माझी एक गोष्ट ऐकली न्हाईस. साळंत जा म्हटलं, गेला न्हाईस. आफ्रिकेला जाऊ नगं म्हटलं, गेलास. ऐकाया ह्यी एकच घावली व्हय रं तुला?"

हसता हसता तिनं पदर तोंडावर घेतला. बराच वेळ पदर खाली आला नाही.

दोन वर्षांनी ती गेली. म्हातारपणानं गेली, पण गल्लीनं हिशेब नवमीच्या धोट्याशीच लावला. तिरडीवर सोनाबाईनं ते लाल कापड घातलं तेव्हा शेजारचा यमनाप्पा पुढं आला.

"अगं, खुळी का काय? रांडमुंड बाईला लाल घालत्यात व्हय?"

"ते वरनं दिसावं म्हणून इणलंय, आण्णा," सोनाबाई म्हणाली. "दिसू दे की कुणाला तरी."

यमनाप्पा मागं सरला. लाल कापड शहापूरच्या गल्लीतून वर तोंड करून गेलं.

मग दुसरी मोठी लढाई आली आणि सरकारला बेळगावातही विमानं लागायला लागली. सांबऱ्याच्या माळावर धावपट्टी झाली. फाटके पंख शिवायला माणूस हवा होता. तम्मण्णा गेला. आपल्याच गावच्या माळावर शिरायला त्याला पास मिळाला. त्यावर लिहिलं होतं: कापडकाम. विमानात बसण्यास मनाई. त्यानं तो दोनदा वाचला आणि खिशात घातला.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. तिथले शिपाई आपल्या बंदुका, गाड्या पुजायला बसले, तशी गोऱ्या साहेबाला हौस आली. विमानाचीही पूजा करा म्हणाला. फोटो काढणारा बोलावला. "इथली रीत कुणाला येते?" सगळ्यांनी तम्मण्णाला पुढं ढकललं.

त्यानं पंख्याला हळदीकुंकवाचे पट्टे ओढले. माळ घातली. चाकाखाली लिंबं ठेवली. नारळ साहेबानं स्वतः फोडला, टाळ्या वाजल्या, शेंडीकडचं भकल गडगडत गेलं तेही एका शिपायानं हसत उचलून आणलं. साहेबानं खोबरं खाल्लं, कपाळाला कुंकू लावून फोटो काढला आणि टुणकन उडी मारून विमानात बसला.

"साहेब!" तम्मण्णा ओरडला. "आज न्हाय उडवायचं! आज ते—"

पंखा फिरला. कुंकवाचा लाल धुरळा उडून तम्मण्णाच्या तोंडावर, सदऱ्यावर बसला. विमान वर गेलं.

तो हात जोडून उभा राहिला. खरं सांगायचं तर तो वाट बघत होता, कशाची ते त्यालाही सांगता आलं नसतं. विमानानं शहापूरवरून एक फेरी मारली. मग ते अलगद खाली आलं. साहेब उतरला, खिशातलं उरलेलं खोबरं चघळत निघून गेला. काहीही झालं नाही. कुणीही मेलं नाही.

तम्मण्णा तिथंच उभा होता. तोंड लाल, बोटं लाल, खिशात पास. जवळून जाणाऱ्या हवालदारानं विचारलं, "काय रं, काय झालं तुला? रगत हाय का काय ह्ये?"

"तेच इचारतोय," तम्मण्णा म्हणाला. "ह्ये रगत हाय का कुंकू?"

शिक्केवाल्यांनो, पंखा तोच, नारळ तोच, नवमी तीच, माणूसही तोच होता. तिकडं ते रक्त होतं आणि इकडं ते कुंकू कसं झालं? तो अजून सांबऱ्याच्या माळावर उभा आहे, आणि हे विचारायला पास लागत नाही. उत्तर द्या.