अकरा माणसांची वीज

बनुबाईच्या घरात काही कमी आहे, असं म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. तिच्या जिभेचा दरारा पार इस्लामपूरपर्यंत! शेजारच्या हरणाबाईची नात शिवांजली घरोघरच्या विजेच्या वस्तू लिहून घ्यायला वही घेऊन दारात आली, तेव्हा बनुबाईनं पदर खोचून विचारलं, "तुज्या आजीनं काय काय सांगितलंय, ते आदी बोल!"

"फ्रिज, टीव्ही, दोन पंखे. आवं आजी, शाळेच्या कॉम्प्युटरवर आमी आपलं गाव बनवलंय. वीज लय जाळली की हवा तापती, पाऊस बिघडतो आन् कृष्णेला पाणी चढतं, ते त्यात दिसतं. सांगलीच्या प्रदर्शनात न्यायचंय."

"मग लिव. फ्रिज दोन. एशी तीन. पंखं नऊ. गिझर परत्येक खोलीत!"

"आन् मानसं?"

बनुबाई अडखळली. थोरला फौजेत, धाकटा पुण्यात. पाचातल्या चार खोल्यांची कुलपं फक्त दिवाळीला निघायची. गेल्या दिवाळीला तर ती निघालीच नव्हती.

"अकरा!" ती कडाडली. "लिव की! पिठाच्या डब्यातल्या उंदरावानी बगतीस काय?"

शनिवारी पोरांनी बनवलेलं गाव पडद्यावर बघायला अख्खं गाव शाळेत लोटलं. बनुबाई पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून. सर एकेका घराचे आकडे घालू लागले. हरणाबाईचं घर घातलं, पाणी घाटाच्या दुसऱ्या पायरीवर. बनुबाईचं घातलं, आणि चुलीवरचं दूध उतू जावं तसं पडद्यावरचं निळं पाणी उसळलं! हरणाबाईचा गोठा गेला, पिंपळाचा पार गेला, शाळेचं छप्परसुद्धा गेलं!

हरणाबाई ताडकन उठली. मागच्या महापुरात तिच्या दोन म्हशी खऱ्याच वाहून गेल्या होत्या. "बने, बंद कर तुजं एशी! माजा गोठा गेला गं!"

सरांनी कपाळाला हात लावला. "शिवांजली, ही माहिती खोटी आहे. असलं सांगलीला न्यायचं नाही."

पोरीचे डोळे भरले. "आजी, खरं सांगा की वं!"

बुडू दे गाव, असं बनुबाईला वाटलं. पण सकाळ-संध्याकाळ तिला हाक मारणारी ही एकच पोर होती.

"पंखा एक. बल्ब लावती त्यो एक. फ्रिज बंद हाय, त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवती."

"आणि माणसं?" सरांनी विचारलं.

"…एक."

पाणी झरझर उतरलं. टाळ्या कडकडल्या! सगळ्यात कमी वीज जाळणारं घर! सरांनी तिथंच पाटी रंगवली आणि पोरांनी ती वाजतगाजत बनुबाईच्या दारावर ठोकली: 'आदर्श घर. माणसं: एक.'

येणारा-जाणारा ती वाचून गेला. कुणी हसलं नाही. कुणी हसलं असतं, तर निदान त्याला तासून तरी काढता आलं असतं!

दिवेलागणीला बनुबाईनं चारी कुलपं काढली आणि पाचही खोल्यांतले बल्ब पेटवले. बघा म्हणावं!

शेजारच्या अंगणातून हरणाबाईची घाबरी हाक आली, "बने, पाणी चढंल गं!"

बनुबाईनं दारातून हरणाबाईच्या गोठ्याकडं पाहिलं. मग आत गेली. एकेक करून चार दिवे विझले.

गाव वाचलं!