एकवीस लाडू, चार तोळे

घटस्फोटाच्या वाटणीत शैलेंद्रने एअर फ्रायरसुद्धा मागितला नाही, म्हणून नेत्रा जरा गाफील राहिली. न्यू जर्सीतलं पार्सिपनीचं घर ठरलं, गाड्या ठरल्या, अनिका शुक्रवार ते रविवार बाबाकडे हेही ठरलं. आणि यादीच्या शेवटच्या पानावर हळूच एक ओळ निघाली : सोन्याच्या पाटल्या, चार तोळे, जॉइंट अकाउंटमधून घेतलेल्या, सबब निम्मी किंमत माझी.

"खोटं! माझ्या पद्मिनी आत्याने दिल्या. अनिकाच्या बारशाला!"

"आय बिलीव्ह यू, नेत्रा मावशी," तिची वकील प्रीता म्हणाली. जर्सीतच जन्मलेली ही मुलगी तासाला चारशे डॉलर लावून वर मावशी म्हणायची. "गिफ्ट तुम्हाला एकटीला असेल, तर त्याला शेअर नाही. बट प्रूफ?"

आत्या जाऊन सहा वर्षं झाली होती. पावती नव्हती. फोटो तिने काढू दिला नव्हता, दृष्ट लागते म्हणून. पण बाई हिशेबाला पक्की. पाटल्या तिने स्टीलच्या डब्यात, डिंकाच्या लाडवांखाली लपवून दिल्या आणि डब्याच्या बुडावर नाव घालून घेतलं : 'चि. सौ. नेत्रास पाटल्या ४ तोळे, लाडू २१. पद्मिनी आत्याकडून. १२-२-२०१४.' नाव घालणारा अक्षरागणिक पैसे घ्यायचा, तरी लाडू तिने सोडले नाहीत.

"विथ डेट? मावशी, गुरुवारी मीडिएशनला तो डबा आणा!"

नेत्राने कपाटं पालथी घातली, गराज पालथं घातलं, आणि मग तिला आठवलं. दिवाळीत दीपाकाकूंकडे चकल्या त्याच डब्यातून गेल्या होत्या. बाकीचे डबे डिशवॉशरमध्ये होते.

"अगं, रिकामा कसा परत देणार?" दीपाकाकू फोनवर म्हणाल्या. "काहीतरी करून देऊ म्हणून ठेवला होता. तेवढ्यात रीमाचं डोहाळजेवण निघालं, तिला अनारसे दिले त्यातून. म्हटलं, नाव आहे, ती देईल तुला. आणि काय गं, चार तोळे? घासताना वाचलं, तेव्हा दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही मी."

रीमाला फोन.

"सॉरी यार, नेत्राताई! देणारच होते. संक्रांतीला त्यात गुळपोळ्या भरल्या अन्..."

"अन्?"

"मंदिरात शैलेंद्रदादा भेटले. त्यांच्याकडे दिला. म्हटलं, एकाच घरचा डबा."

"रीमा, आमचा डिव्होर्स चाललाय."

"हो ना, म्हणून तर बिचारे केवढे बारीक झालेत!"

तिच्या बाजूचा एकुलता एक साक्षीदार महिनाभर विरुद्ध पक्षाकडे जेवत होता.

"फॉर्मली मागू का?" प्रीताने विचारलं.

"मुळीच नको. मागितलास की तो उलटा करून बघेल."

"महिनाभरात बघितला नसेल?"

नेत्राने तेरा वर्षांचा संसार डोळ्यांपुढून सरकवला आणि तिचा चेहरा उजळला. "नाही. बूड दिसायला भांडं घासावं लागतं."

गुरुवारी साडेबारापर्यंत सगळे पाटल्यांवरच अडले होते. मीडिएटर कॅरलबाई म्हणाल्या की कागद नसेल तर पाटल्या निम्म्या-निम्म्या कराव्या लागतील, आणि त्यांनी जेवणाची सुट्टी दिली. नेत्रा जागची हलली नाही. शैलेंद्र पंधरा डॉलरचं सँडविच जन्मात घेणार नाही, एवढ्या एका गोष्टीवर विसंबून ती आली होती.

शैलेंद्रने बॅग उघडली. दहीभात. आणि डबा तोच.

"हा डबा कुणाचा रे?" नेत्राने सहज विचारलं.

"कुणाचा म्हणजे? आपलाच."

"बघ हं. कुठून आला, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? तुझ्या आत्याचा! बारशाला डिंकाचे लाडू आले होते यात. एकोणीस मी एकट्याने खाल्ले!" त्याने अभिमानाने आपल्या वकिलाकडे पाहिलं. त्या गोऱ्या माणसाला मराठी येत नव्हतं, म्हणून तोही हसला.

प्रीताने शब्दन् शब्द इंग्रजीत करून कॅरलबाईंना ऐकवला. नेत्रा म्हणाली, "सावकाश जेव. झालं की तेवढा उलटा कर."

कॅरलबाईंनी त्यालाच मोठ्याने वाचायला सांगितलं. 'चि. सौ. नेत्रास' खणखणीत झालं. 'पाटल्या'ला आवाज बसला. 'चार तोळे' त्याच्या त्यालाच ऐकू गेलं. तारखेपर्यंत पोचला तोवर प्रीताचं भाषांतरही संपत आलं होतं आणि त्याच्या वकिलाने पेनाला टोपण लावलं होतं.

"ट्वेंटी-वन लाडूज," प्रीता म्हणाली. "नाइन्टीन ऑलरेडी ॲडमिटेड."

ती ओळ यादीतून गेली. सह्या झाल्या. लॉकरची किल्ली शैलेंद्रकडे होती, म्हणून पाटल्या त्याने रविवारी अनिकाबरोबर पाठवल्या. त्याच डब्यात, पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून.

"बाबा सेड, रिकामा डबा द्यायचा नसतो," अनिका म्हणाली.

नेत्राने पाटल्या हातात चढवल्या, हात लांब धरून पाहिले, मग डबा नाकाशी नेला. काठाला वाळलेलं भाताचं शीत होतं.

पुढच्या शुक्रवारी तिने तो डबा अनिकाच्या बॅगेत ठेवला.

"आई, इट्स एम्प्टी."

"हो. बाबाला सांग, घासून पाठव."