हळकुंड, सुपारी आणि मोटरची चावी

मतदान कसं जिंकायचं, हे मला विचारा. अजून कोणी विचारलेलं नाही, पण विचारलं तर सांगीन. भाषण लागत नाही, नुसती माणसं ओळखता आली पाहिजेत. आणि महानदी अपार्टमेंटची सोळाच्या सोळा घरं मी नऊ वर्षांपासून ओळखून आहे. कोणाचा नळ गळतो, कोणाचा जावई गाडी आडवी लावतो, गच्चीवरच्या पापडांवर सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ बसली की कोण माझ्या नावानं ओरडतं, सगळं पाठ. मी सोसायटीचा सेक्रेटरी, श्रीपाद. रेल्वेच्या मालधक्क्यावरून रिटायर झालो आणि एक रविवार सोडून लगेच सेक्रेटरी झालो.

मोटर, गच्ची, मीटरची खोली, गेट, सगळ्या चाव्यांचा जुडगा माझ्या जानव्याला. चालताना वाजतो. पहाटे मी मोटर सुरू करायला उतरलो की खालच्या मजल्यावरच्या बाया त्या आवाजावर बादल्या लावतात. तुम्हाला खरं सांगतो, तो जुडगा काढला तर मी कोण? वरणाला डाळ निवडून देणारा एक म्हातारा. या भीतीनंच पुढचं सगळं झालं.

सुरुवात केली चौथ्या मजल्यावरच्या शेखरनं. पोट्टा चांगला आहे, पण आमचं रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून त्याला राहवत नव्हतं. मराठी समजतं, बोलतो हिंदीत.

"काका, अब अपना शहर राजधानी बन गया है. बिल्डिंग भी प्रोफेशनल लोग चलाएँगे तो अच्छा रहेगा."

"म्हणजे मी काय करून राहिलो इतके दिवस?"

"आप तो बहुत कर रहे हैं, काका. इसीलिए तो."

मग त्यानं एका मॅनेजमेंट कंपनीची दोन माणसं आणली. टाय लावून आली होती, मे महिन्यासारख्या उन्हात. त्यांनी आमच्या गळक्या टाकीकडे पाहून काहीतरी लिहून घेतलं आणि झाडूवाल्या अंजनाबाईला 'स्टाफ' म्हटलं. अंजनाबाई त्या तोऱ्यात दोन दिवस कोणाशी नीट बोलली नाही.

सोसायटीची सभा भरली. हात वर करून मत द्यायचं, तर माझ्या तोंडावर कोणी हात वर करेना. चौबे कॉलोनीच्या आसपासची ही सभ्य वस्ती, इथे माणसाच्या पाठीमागेच बोलायची पद्धत आहे. चिठ्ठ्या टाकू म्हटलं, तर शेखरची बायको निधी म्हणाली, "काका तो सबकी हैंडरायटिंग पहचानते हैं."

खरं होतं ते. तक्रारींचं रजिस्टर मीच वाचतो.

इथे मी डोकं चालवलं. म्हटलं, लिहायचंच काहून? प्रत्येक घरामागं एक माणूस येईल. त्याला एक हळकुंड आणि एक सुपारी द्यायची. पडद्यामागं कलश ठेवू. सेक्रेटरी पाहिजे त्यानं हळकुंड टाकावं, कंपनी पाहिजे त्यानं सुपारी. उरलेलं खिशात घालून घरी जावं. गुप्त म्हणजे एकदम गुप्त.

सगळ्यांना पटलं. आता यातली गोम कोणाच्या लक्षात आली नाही ती तुम्हाला सांगतो. आमच्या बिल्डिंगमधल्या नऊ कर्त्या पुरुषांच्या खिशात अडकित्ता असतो. हातात आलेली सुपारी तोंडात न घालता परत देईल असा माणूस आम्हा मूळच्या वऱ्हाडकरांत अजून जन्मायचा आहे. म्हणजे कंपनीची नऊ मतं पडद्यामागंच खाल्ली जाणार, आणि हातात उरणार हळकुंड. हळकुंड कोण खातो?

वर मी नोटीस लावली. 'एका घराचे एक मत. निकाल अंतिम राहील. फेरमतदान कोणत्याही कारणास्तव होणार नाही.' खाली माझी सही. निधी नंतर कुरकुर करेल म्हणून ही तजवीज.

गुढियारीच्या ठोक बाजारातून हळकुंडं आणि सुपाऱ्या मी स्वतः निवडून आणल्या. सुपाऱ्या चांगल्या चिकण्या आणल्या, खावीशी वाटली पाहिजे.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये टेबल मांडलं. बायकोची, विजयाची, जुनी नऊवारी पडदा म्हणून बांधली. पडद्यामागं पाटावर तांब्याचा कलश ठेवला. बाहेर ताटात हळकुंडं आणि सुपाऱ्या. आमच्या घरचं मत विजया देणार होती, कारण मी निवडणूक अधिकारी. ती पहिलीच आत गेली आणि बाहेर आली. नंतर पाहतो तर कलशाला तिनं सवयीनं हळदीकुंकवाची बोटं ओढली होती, शेजारी उदबत्ती लावली होती.

"हे काय करून ठेवलं?"

"रिकामा कलश बरा दिसते काय? श्रावण आहे."

श्रावण आहे, ही एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

दुसरे आले श्यामराव. म्हणजे मतदार दुसरे, श्यामराव एकच आहेत. ते पडद्याआड गेले आणि आतून अडकित्त्याचा कट्ट असा आवाज आला. मी मनातल्या मनात एक मत लिहून घेतलं. बाहेर आले ते गाल फुगवूनच.

मग आल्या पहिल्या मजल्यावरच्या इंदूताई. त्यांनी ताट पाहिलं, पडद्याच्या फटीतून कलश पाहिला, उदबत्तीचा वास घेतला आणि आल्या पावली परत गेल्या. पाच मिनिटांत जरीचं पातळ नेसून उतरल्या.

"भाऊजी, पूजा होती तर सांगायचं नाही?"

"इंदूताई, पूजा नाही. मतदान आहे."

"हो हो, ते पण करते ना."

हळकुंड आणि सुपारी त्यांनी पदरात घेतली, आत जाऊन कलशाला नमस्कार केला, चिल्लर टाकली आणि पदर सांभाळत घरी गेल्या. जाता जाता प्रत्येक दारावर थाप मारून गेल्या.

त्यानंतर पुरुष आलेच नाहीत. एक तर टीव्हीवर मॅच होती, आणि खाली पूजा आहे म्हटल्यावर प्रत्येकानं बायकोला सांगितलं, तू जाऊन ये. माझे आठ अडकित्ते घरीच बसून राहिले. बायांची रांग लागली. कोणी फुलं आणली, कोणी तांदूळ. एकीनं विजयाची ओटी भरली. मी टेबलावर उभा राहून नियम वाचून दाखवले, तर तिसऱ्या मजल्यावरच्या साहूबाईंनी हात जोडून ऐकले आणि विचारलं, "हव भैया, कथा कब सुरू होही?"

शेवटी शेखर आला. आत गेला, बाहेर आला, घाम पुसला.

बारा वाजता सगळ्यांसमोर कलश पालथा केला. आधी तांदूळ पडले, मग झेंडूची फुलं, मग चिल्लर. सगळ्यात शेवटी दोन सुपाऱ्या आणि एक हळकुंड. म्हणजे कंपनी दोन, मी एक.

बाकीची तेरा घरं पदरात बांधून घरी गेली होती. मी म्हटलं, घेऊन या परत. इंदूताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांचं मंगळसूत्रच मागितलं. "ओटीतलं कोणी परत करते काय, भाऊजी?"

शेखर म्हणाला, "काका, दोबारा वोटिंग करा लेते हैं."

पोट्टा खरंच चांगला आहे. पण निधीनं भिंतीवरच्या नोटिशीकडे बोट दाखवलं. कोणत्याही कारणास्तव नाही. खाली माझी सही.

तरी मी हिशेब लावला. एक सुपारी शेखरची. हळकुंड आमच्या घरचं, ते तर धरूनच होतो. मग दुसरी सुपारी कोणाची?

"ते हळकुंड माझं," श्यामराव गाल सांभाळत म्हणाले. "राग नको मानू, श्रीपाद. मी कंपनीलेच देणार होतो. पण सुपारी चांगली निघाली ना."

माझ्या अख्ख्या योजनेत सापडलेला हा एकुलता एक माणूस. मी हळूहळू विजयाकडे वळलो.

"सुपारी माझी," ती सगळ्यांसमोर म्हणाली.

"काहून?"

"नऊ वर्षं झाली तुम्हाला रिटायर होऊन. रेल्वे दर वर्षी फुकटचा पास देते. पेटीत नऊ वर्षांचे पास पडून आहेत, सगळ्यांची तारीख निघून गेली. पुरीले जाऊ म्हटलं की मोटर कोण चालू करन. बहिणीकडे जाऊ म्हटलं की टाकी कोण पाहीन. मले समुद्र पाहायचा आहे हो. मोटर नाही."

मला फार वाईट वाटलं. तिच्यासाठी वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं स्वतःसाठी पण वाटलं.

पहिल्या तारखेला कंपनी येणार होती. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी दहावा पास घेऊन विजयाला पुरीच्या गाडीत बसवलं. सकाळी समुद्रावर पोचलो. ती पाण्यात पाय घालून उभी राहिली, लहान पोरीसारखी हसली. मी आंघोळीला सदरा काढला आणि काहीतरी वाजलं. अख्खा जुडगा जानव्याला.

खरं सांगतो, मला आनंद झाला. सोळा घरं बिनपाण्याची, टायवाले मोटरच्या खोलीच्या कुलपाकडे बघत उभे, सगळ्यांच्या तोंडी माझं नाव. तसाच उघड्या अंगानं पळत एसटीडी बूथ गाठला आणि शेखरला फोन लावला.

"शेखर, घाबरू नको. चाब्या माझ्याजवळ आहेत. मी आजच्या गाडीनं निघतो."

"अरे नहीं काका, आप आराम से आइए. कंपनीवालों ने सुबह छह बजे ही सारे ताले बदल दिए. पानी भी आ गया. आज तो ऊपर तक प्रेशर से आया."

वाळूत विजयाशेजारी येऊन बसलो. जुडगा मोजला, अकरा चाव्या. त्यातली कामाची आता एकच, आमच्या घराची.

ती विजयानं काढून स्वतःच्या कमरेला खोचली.