दोन काचांमधला डाग

रविवारच्या दुपारी नवरा ओव्हनमध्ये डोकं घालून बसला होता आणि बाहेर बायको दारावरच्या डागाशी झगडत होती. डाग आतून पुसला तरी जाईना, बाहेरून पुसला तरी जाईना. केकचं उतू गेलेलं मिश्रण दाराच्या वरच्या फटीतून उतरून दोन काचांच्या मध्ये सुखाने वस्तीला आलं होतं.

"काच काढायला स्क्रू असेल ना?" बायकोने विचारलं.

"आहे. बिजागरीच्या मागे."

"मग बिजागरी काढा."

"ती काढायला आधी काच काढावी लागते."

बायकोने फडकं आपटलं. म्हणाली, "हे दार ज्याच्या डोक्यातून निघालंय ना, त्याने जन्मात कधी फडकं हातात धरलेलं नाही."

ओव्हनमध्ये नवरा जोरजोरात घासू लागला. ते दार त्याच्याच डोक्यातून निघालं होतं. ओव्हन बनवणाऱ्या कंपनीत तो ड्रॉइंग करायचा. अकरा वर्षांपूर्वी सवलतीत हा ओव्हन घरी आणला, तेव्हा तिने कौतुकाने विचारलं होतं, "यातलं तुमचं काय?" दार नीट लागत नाही हे नेमकं तेव्हाच लक्षात आल्यामुळे तो म्हणाला होता, "बटणं." तेव्हापासून ती येईल त्या पाहुण्याला बटणं दाखवत असे. खरं कळलं तर ही सगळी अब्रू गेली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आत ऊबदार अंधार होता, जळक्या साखरेचा वास होता. त्याचा हात मंदावला आणि तंद्री लागली. ते ड्रॉइंग डोळ्यांपुढे तरंगू लागलं. बारीक सरळ रेघा, वरती हवेसाठी ठेवलेली फट. त्या फटीवर तो किती खूश होता. कागदावर काही उतू जात नाही. तिथे केक अलगद, ढगासारखे फुगत होते आणि कुणालाच काही पुसावं लागत नव्हतं.

"झोपलात की काय?"

"घासतोय."

"राहू द्या. मी तुमच्या कंपनीला मेल टाकलाय. चांगला झणझणीत."

त्याचं डोकं ओव्हनच्या छताला आपटलं.

सोमवारी तो मेल फिरत फिरत त्याच्याच टेबलावर आला. "दार तुमचंच ना? मग उत्तरही तुम्हीच द्या," साहेब म्हणाले. मेलमध्ये फडक्याचा उल्लेख तीनदा होता. तो उत्तर लिहायला बसला. घरी असता तर त्याने वाद घातला असता, फटीमागचं शास्त्र समजावलं असतं. इथे ऐकायला कोणी नव्हतं. त्याने लिहिलं, 'चूक माझी आहे. दार आखताना ते पुसणाऱ्या माणसाचा मी विचारच केला नाही. तुमची सुट्टीची दुपार वाया गेली, याचं मनापासून वाईट वाटतं.' खाली फक्त विभागाचं नाव घातलं.

संध्याकाळी बायकोने ते उत्तर त्याला दोनदा वाचून दाखवलं.

"बघा, चूक माझी आहे, असं सरळ लिहिलंय. या घरात हे वाक्य मी अजून ऐकलेलं नाही."

"कंपनीची पद्धत असते तशी."

"छे, हा मनातून बोललाय. कोण हो हा? भला माणूस दिसतो."

ती फोन हातात धरून स्वतःशीच हसत होती. इतकी खूश ती बटणांवरही कधी झाली नव्हती. त्याला राहवेना.

"चूक माझी आहे गं," तो हळूच म्हणाला.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही नका नक्कल करू. ते त्याच्याच तोंडी शोभतं."