आहेर आप्पांचा दवाखाना

दवाखान्यात जायचं म्हटलं की आहेर आप्पा दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत आणि कानात अत्तराचा फाया खोचून निघत. सातपूरच्या कारखान्यात आमच्या मशिनी शेजारशेजारी, घरंही तशीच. साधी शिंक आली तरी त्यांचा चेहरा खुलायचा. "चला, डॉक्टरांची गाठ घेऊन येतो."

आप्पा मूळचे चांदवडकडचे. कामगार विम्याच्या यादीत वसाहतीजवळचा एक खासगी दवाखाना आला आणि आप्पांना जणू दुसरी सासुरवाडी मिळाली. गादीच्या खुर्च्या, एसी, काचेच्या पेटीत मासे. पण त्यांना खरं अप्रूप डॉक्टरांचं. "गोळी काय, कुठंबी मिळती. हा मानूस इचारतो. आप्पा, झोप लागते का, जेवण जातं का. मला असं कोनी इचारलं नाय."

आणि विचारलं की आप्पा सांगत. खोकल्याची हकीकत गावच्या घाटापासून सुरू व्हायची. बाहेरचे पेशंट चुळबुळत बसायचे. एकदा डॉक्टर म्हणाले, "आप्पा, तुम्हाला काहीही झालेलं नाही." आप्पांनी आग्रहाने बीपी बघायला लावलं. तेही चांगलं निघालं. त्या दिवशी त्यांनी डबासुद्धा धड खाल्ला नाही.

हे सगळं घरी बायकोला, सिंधूवहिनींना, पुन्हा सांगून व्हायचं. वहिनी भाकरी थापत ऐकायच्या. विम्याच्या कार्डावर त्यांचंही नाव होतं. "तुम्ही कधी जात नाही, वहिनी?" मी एकदा विचारलं.

उत्तर आप्पांनीच दिलं. "तिला काय धाड भरली? लय काटक हाय ती."

वहिनी नुसत्या हसल्या.

मग एका सकाळी त्या ओट्यापाशीच कोसळल्या. आप्पांनी आणि मी त्यांना रिक्षातून त्याच दवाखान्यात नेलं. पोट तपासताना डॉक्टर गंभीर झाले. "कधीपासून दुखतंय यांना?"

आप्पांना सांगता येईना. स्वतःच्या खोकल्याची कुळकथा सांगणारा माणूस बायकोकडे बघत राहिला. शेवटी वहिनीच क्षीण आवाजात म्हणाल्या, "झालं आसंल वरीस."

"मला बोलली नाय?"

"तुम्ही तुमचं सांगत व्हते. ऐकाया बरं वाटायचं."

विम्यातूनच मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. उपचारात काही कमी पडलं नाही, पण उशीर झाला होता. दिवाळीच्या आधी वहिनी गेल्या.

आप्पांचं दवाखान्यात जाणं थांबलं. खोकत खोकत मशीन चालवतात. मी म्हटलं, दाखवून या, तर म्हणतात, "राहू दे. सांगून काय करायचं?"

मागच्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत मी सहज बोलून गेलो, बायकोचे गुडघे दुखतायत, जाताना गोळ्या घेऊन जाईन. संध्याकाळी आप्पा आमच्या दारात उभे. माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, चप्पल घाला. तुम्हालाच यायचंय."

दवाखान्यात ते आत आले नाहीत, पायरीवर बसून राहिले. आम्ही बाहेर पडलो तसे उठले.

"इचारलं का डॉक्टरांनी?"

"हो, सगळं विचारलं," बायको म्हणाली.

"आन् तुम्ही सांगितलं?"

"सांगितलं की."

आप्पांनी मान हलवली. मग घरापर्यंत तिच्या चालीने हळूहळू चालत आले. गुडघा नेमका कुठे दुखतो, जिना चढताना की बसून उठताना, हे त्यांनी वाटेत तिला विचारलं आणि मध्ये एक शब्दही न बोलता शेवटपर्यंत ऐकून घेतलं.