बापटभावजींची फौज आणि माझं इडलीपात्र

माझ्या इडलीपात्राची एक ताटली कायमची जर्मन सैन्यात गेली आहे. हसू नका, सांगते.

इथे अमेरिकेत, नोव्हाय गावात आमच्या शेजारी बापटभावजी राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, मोटारीच्या कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनियर. पहिल्या महायुद्धातलं एक जर्मन कोअर, म्हणजे चाळीसेक हजारांची फौज, हे त्यांचं वेड. बेसमेंटमध्ये घडीच्या टेबलावर ती सगळी मांडलेली. मसूर म्हणजे पायदळ, काबुली चणे घोडे, राजमा अधिकारी. आणि आगगाडीचे डबे म्हणजे माझ्या इडलीपात्राच्या चार ताटल्या!

"वहिनी, लढाई कोणीही सांगेल. तयारी बघा, तयारी!" हे दिवसातून दहादा. मग शांततेच्या काळातली कवायत, घोड्यांचे नाल, पाव भाजायच्या फिरत्या भट्ट्या. नातवंडांचे वाढदिवस मी विसरते, पण त्या भट्ट्या मला तोंडपाठ.

अशात लायब्ररीने त्यांचं भाषण ठरवलं. शनिवारी. विषय, 'युद्धापूर्वी आणि युद्धात'. तालमीला श्रोता मी एकटी. सात वेळा ऐकलं. दर वेळी मसूर गाडीत चढायचे, भावजी शिट्टी तोंडाशी न्यायचे आणि म्हणायचे, "थांबा, नालांचं एक राहिलंच." की परत घोडे! 'युद्धात' काही येईचना.

आठव्यांदा मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "भावजी, शनिवारी लोक उठून जातील हं. सोडा की गाडी एकदाची! मलाही इडल्या करायच्यात."

भावजी खुर्चीत बसले. शिट्टी बोटांत फिरवत म्हणाले, "आमचा धाकटा भाऊ सैन्यात होता, वहिनी. सीमेवर निघाला तेव्हा स्टेशनवर मीच गेलो होतो. गर्दीत घुसून त्याला खिडकीची जागा धरून दिली. केवढी ऐट वाटली होती मला! परत आली ती फक्त त्याची ट्रंक."

मी एक ताटली मसुरांसकट उचलली आणि टेबलावरच्या स्टेशनात बाजूला ठेवली. "ही राहू दे इथेच. बाकीची गाडी सोडा."

शनिवारी शिट्टी वाजली. तीन डब्यांची गाडी सुटली, लढाई झाली. पडलेला एकेक मसूर भावजींनी चिमटीने उचलून वाटीत ठेवला. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही.

शेवटी पुढच्या रांगेतल्या एका गोऱ्या आजोबांनी विचारलं, "तो चौथा डबा का नाही गेला?"

भावजींनी माझ्याकडे बघितलं, ताटलीवर अलगद हात ठेवला आणि सांगितलं, "त्यांची रजा मंजूर झाली."